ब्रह्मकमळाची काढणी

आमच्या घरी ब्रह्मकमळ आलं ते एका पानाच्या रूपानं, आणि ते पान मी रीतसर चोरलेलं होतं.

मानवतला आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. दुपारच्या सुट्टीत तिथल्याच शाळेतल्या एक बाई मला चहाला घरी घेऊन गेल्या. त्यांच्या जिन्याखाली एका जुन्या घागरीत एक विचित्र झाड होतं. लांबच लांब चपटी पानं एकमेकांच्या अंगावर पडलेली, जणू कुणी पिळायचे राहिलेले टॉवेल तसेच टाकून दिलेत.

"हे ब्रह्मकमळ," बाई म्हणाल्या. "पावसाळ्यात एका रात्री फुलतं, सकाळी संपलेलं असतं." त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. ओंजळभर पांढरंशुभ्र फूल. मी म्हटलं, सुंदर आहे. तेवढ्यावर विषय संपला असता, पण बाई म्हणाल्या, "फोटोत काय हो दिसतंय! वास कुठं येतो फोटोत?" या वाक्यानं माझा घात केला. मी एक पान मागितलं.

"मागून नेलं तर लागत नाही," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "चोरून न्यावं लागतं. मी तिकडं तोंड करते. कात्री खिडकीत आहे."

आणि खरोखरच त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी कात्री घेऊन वाकले, तर पाठमोऱ्या बाई सांगायला लागल्या, "पुढचं नको, कोवळं आहे. त्याच्या मागचं घ्या. तिरपं कापा. पेपर तिथंच आहे बघा, ओला करून गुंडाळा." इतक्या मार्गदर्शनाखाली चोरी करण्याची ही माझी पहिलीच वेळ.

परतीच्या एस.टी.त पाय ठेवायला जागा नव्हती. एका हातानं दांडा धरून, दुसऱ्या हातात ते पुडकं सांभाळत मी उभी होते. समोरच्या सीटवर नऊवारीतल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कशाचं पान हाय माय?"

"ब्रह्मकमळाचं."

आजी ताडकन उठल्या. त्यांनी पुडकं माझ्या हातातून घेतलं, कपाळाला लावलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "सरक गं. देव हुभा हाय अन् तू बसायलीस?" मी विज्ञान शिकवते. म्हणून मी खरं ते सांगायचा प्रयत्न केला की खरं ब्रह्मकमळ हिमालयात असतं, हे वेगळं आहे, हा परदेशातून आलेला एक निवडुंग आहे. आजींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "निवडुंगाला काटं आसत्यात," त्या म्हणाल्या. "ह्याला कुठायत?" तेवढ्यात ते पान मागच्या सीटवर गेलं होतं. तिथून आणखी मागे. प्रत्येक जण नमस्कार करून मागच्याच्या हाती देत होता. परभणीच्या अलीकडे पान माझ्याकडे परत आलं, तेव्हा त्याला हळदीकुंकवाची दोन बोटं लागलेली होती. पण मला बसायला जागा मिळाली, हेही खरं.

घरी मात्र पानाला कुणी नमस्कार केला नाही. फाटकाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत माझे सासरे बसलेले होते. मी त्यांना मामा म्हणते. सासूबाई गेल्यानंतर झरी गावची शेती मोठ्या दिरांवर सोपवून मामा आमच्याकडे परभणीला राहायला आले. आयुष्यभर त्यांनी कापूस, तूर आणि ज्वारी यांशिवाय कशाकडे नीट पाहिलं नव्हतं. आमच्या कॉलनीत त्यांना बघायला काही नव्हतं. म्हणून फाटकातून आत येणारी प्रत्येक वस्तू ते तपासत.

"पुडक्यात काय हाय?"

"झाड आहे मामा. लावायचंय."

मी कागद उलगडला. त्यांनी पान हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, वाकवून पाहिलं.

"ह्ये निवडुंग हाय," मामा म्हणाले.

सगळ्या एस.टी.ला जे पटलं नाही ते या माणसानं एका नजरेत ओळखलं, याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण पुढचं वाक्य आलं, "निवडुंग घरात लावू नये. भांडणं व्हत्यात. बांधावर लावत्यात त्याला, ढोरं आत यिऊ नयेत म्हणून."

"मामा, हे ब्रह्मकमळ आहे," मी लगेच बाजू बदलली. "देवाचं झाड."

तेव्हापासून आमच्या घरात त्या पानाला दोन नावं पडली. मामा निवडुंग म्हणायचे आणि मी, विज्ञान शिकवून घरी आले की, ब्रह्मकमळ म्हणायचे. नवरा दोघांच्या मध्ये न पडता "ते कुंडीतलं" म्हणायचा. तो जिल्हा परिषदेत नोकरीला आहे. कुठल्याच बाजूनं न बोलण्याची त्याला सवय आहे.

पान लागलं. रंगाच्या एका रिकाम्या बादलीला बुडाशी भोकं पाडून मी ते मागच्या बाजूला, पपईच्या सावलीत ठेवलं. महिनाभरानं त्या पानाच्या कडेतून दुसरं पान फुटलं. मग त्यातून तिसरं. मामा रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथं जायचे आणि त्याच्यावर टीका करायचे.

"खोड कुठाय ह्याचं? पानाला पान, पानाला पान. ह्ये काय झाड हाय?"

"असंच असतं मामा."

"फूल कुठून यिल?"

"पानातूनच."

मामांनी कप खाली ठेवला. पानातून फूल येतं हे ऐकून त्यांचा माझ्या नोकरीवरचाच विश्वास उडाल्यासारखा दिसला.

पण शेतकऱ्याला आपल्या दारातलं काही नुसतं उभं असलेलं बघवत नाही. ते वाढलं पाहिजे. पहिल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास मामांनी झरीहून येताना पिशवीत युरिया आणला आणि मला न सांगता मूठभर कुंडीत घातला. चारच दिवसांत झाड पिवळं पडलं आणि बुडाशी मऊ झालं. मी शाळेतून आले तेव्हा मामा खुर्चीत नव्हते. ते मागं कुंडीजवळ उकिडवे बसले होते.

"हिला मानवलं न्हाई खत," ते म्हणाले. 'ह्याला'चं 'हिला' झालं होतं, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. "कपाशीला मानवतो की."

"मामा, ही कपाशी नाही."

"त्येच म्हणायलोय न्हवं!"

चांगला राहिलेला तुकडा कापून मी पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी समोरच्या बांधकामावरून मामांनी घमेलंभर वाळू मागून आणली. कुठंतरी त्यांनी ऐकलं होतं की निवडुंगाला वाळू लागते. त्या दिवसापासून त्यांनी टीका कमी केली आणि देखरेख वाढवली.

पुढचा उन्हाळा आठवला की मला अजून हसू येतं. परभणीचं ऊन काय असतं ते परभणीकराला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. दुपारी अंगणातल्या नळाला हात लावला तर चटका बसतो. झाडाची पानं मलूल होऊन लोंबायला लागली. मी ओलं पोतं बांधलं, जागा बदलली, काही उपयोग होईना. एके दिवशी दुपारी शाळेतून आले तर बैठकीत कूलर सुरू, कूलरसमोर मामांच्या नेहमीच्या जागी बादली ठेवलेली, आणि मामा कोपऱ्यात दाराआड वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेले.

"मामा, तुम्ही का नाही बसलात कूलरसमोर?"

"मला काय झालंय? म्या उन्हात वाढलेला गडी हाव," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "जरा सरकव तिला. लय थेट लागायलाय वारा."

संध्याकाळी नवरा आला. त्यानं कूलरसमोरची बादली पाहिली, वडलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शहाण्यासारखा आंघोळीला निघून गेला.

कळी आली त्यानंतरच्या पावसाळ्यात. ती मला दिसली नाही, मामांना दिसली. सकाळी सकाळी त्यांनी मोठ्यानं हाक मारली. मी पोळी तव्यावर टाकून पळाले. मामांच्या हातात काच साफ करायची फवाऱ्याची बाटली होती.

"पानाला गाठ आलीया," ते म्हणाले. "आत अळी हाय. बोंडअळी. कडू लिंबाचा अर्क भरून आणलाय, मारू का?"

पानाच्या खाचेतून हरभऱ्याएवढं गुलाबीसर काहीतरी बाहेर आलं होतं. मी त्यांचा हात धरला. सुनेनं सासऱ्याचा हात असा धरणं आमच्याकडे रीतीत बसत नाही, पण वेळच तशी होती.

"मामा, कळी आहे ही! कळी!"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. बराच वेळ बघितलं. "पानातून," ते पुटपुटले. "पानातून कळी. काय तरी जमाना आलाय."

आतून पोळी जळल्याचा वास आला. दोघांपैकी कुणी हललं नाही.

कळी रोज वाढायला लागली. तिचा देठ आधी खाली लोंबला, मग हंसाच्या मानेसारखा वळून वर यायला लागला. नवऱ्यानं फोटो काढून स्टेटसला ठेवले, आणि तिथंच आमचा एकांत संपला. शेजारच्या काकूंनी फोटो पाहिला. काकू म्हणजे आमच्या गल्लीचा भोंगा. ब्रह्मकमळ फुलताना जे मागावं ते मिळतं, हे त्यांनी संध्याकाळच्या आत सगळ्या गल्लीला कळवलं. रोज कुणी ना कुणी फाटकातून विचारायला लागलं, "आज का हो?" मामा खुर्चीतून उत्तर द्यायचे, "आज न्हाई. मान वर व्हायचीय आजून." पीकपाणी विचारणाऱ्याला सांगावं तशा सुरात.

मग एक दिवस कळी चांगलीच फुगली. मी इंटरनेटवर वाचलं, फोटो ताडून पाहिले आणि जाहीर केलं, आज रात्री. विज्ञानशिक्षिकेचा शब्द, गल्लीनं तो प्रमाण मानला. दिवेलागणीपासून लोक जमायला लागले. काकूंनी पूजेची थाळी आणली. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा सतरंज्या घातल्या. मी चहा केला, परत केला, चिवड्याचा डबा काढला. कोणती आरती म्हणायची यावरून वाद झाला. काकूंचं म्हणणं, ब्रह्मदेवाचं फूल आहे तर ब्रह्मदेवाचीच हवी, पण ती कुणालाच येत नव्हती. शेवटी ज्याला जी येते ती त्यानं मनात म्हणावी असं ठरलं.

कळी ढिम्म. सगळे तिच्याकडे बघत होते आणि ती कुणाकडेच बघत नव्हती. चिवडा संपला. एकानं टॉर्च मारून पाहिला, दुसरा म्हणाला उजेडानं बिचकते. एक बाई हळूच म्हणाल्या की मालिका सुटली. हळूहळू लोक उठायला लागले. जाताना माझ्याकडे असे बघत होते, जणू मी जेवायला बोलावून उपाशी पाठवलंय.

"कुणाची तरी नजर लागली," काकू थाळी उचलत म्हणाल्या.

आजवर त्या झाडाला नावं ठेवणारे मामा एकदम उसळले. "नजर लागून कुठं फूल थांबतंय का? तिचा तिला येळ नगं का? धा माणसं तोंडाकडं बघत बसल्यावर तुमी तरी जेवताल का?"

दुसऱ्या दिवशी आम्हाला पिंगळीला जायचं होतं. नवऱ्याच्या चुलतभावाच्या नातवाचं बारसं. मला जायचं नव्हतं. कळीकडे बघून मी म्हटलं, आज नक्की आहे. नवरा म्हणाला, "कालही नक्कीच होतं." शिवाय बारशाला गेलं नाही तर ते पुढच्या लग्नापर्यंत ऐकावं लागतं. मामांचा गुडघा दुखत होता, म्हणून ते घरीच थांबले. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि निघताना म्हटलं, "मामा, जरा लक्ष ठेवा तिच्याकडं."

"जा तुमी. म्या हाव."

पिंगळीत बारशाला डीजे होता. पाळण्यातलं बाळ सोडून सगळे नाचत होते. जेवण उशिरा, त्याआधी केक, त्याआधी भाषणं. मी पर्समधला फोन काढला तर मामांचे कितीतरी कॉल येऊन गेलेले. एकटे आहेत, पडले की काय, छातीत दुखलं की काय. मांडवाबाहेर, उकिरड्यापर्यंत चालत जाऊन फोन लावला.

"मामा, काय झालं? बरे आहात ना?"

पलीकडून फार हळू आवाज आला, झोपलेल्या लेकराशेजारी बसून बोलावं तसा. "फुलायलंय."

"काय?"

"फुलायलंय म्हणलं! निम्मं उघडलंय. कधी येता?"

मी मांडवात पळत गेले आणि नवऱ्याला ओढलं. पण यजमानांनी आम्हाला अडवलं. न जेवता कसं जाता, बाळाला अपशकुन. ताट आलं, आग्रह आला. फोन परत वाजला. "आता अख्खं उघडलंय. टिकतंय का न्हाई कळंना. निघालाव का?"

"निघतोय मामा, हे निघालोच."

खोटं होतं ते. हातात जिलेबी होती. हात धुऊन मोटारसायकलवर बसलो आणि रेल्वे फाटकाशी पोचलो, तर फाटक बंद. मालगाडी. ती आली, आणि आमच्या समोर येऊन उभी राहिली. परत फोन.

"मामा, फाटकात अडकलोय. किती वेळ लागेल सांगता येत नाही."

मामांचा आवाज एकदम ठाम झाला. पाऊस तोंडावर आला आणि माल उघड्यावर पडलेला असला की शेतकऱ्याचा होतो तसा. "काळजी करू नको. आता माझ्यावर सोड," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

घरी पोचलो, तशी मी बॅटरी मारत मागच्या बाजूला पळाले. झाड होतं. कळी नव्हती. फूलही नव्हतं. पानाच्या टोकाशी तिरपा, नीट कापलेला देठ होता. चार घरांपर्यंत वास मात्र भरून राहिला होता.

"मामा!"

मामा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, चेहऱ्यावर समाधान. स्वयंपाकघरात जमिनीवर भाज्या, दह्याचं भांडं, लोणच्याची बरणी, उरलेलं वरण, सगळं ओळीनं मांडून ठेवलेलं. मामांनी फ्रिजचं दार उघडलं.

आतला दिवा लागला. मधली फळी काढून जागा केलेली होती, आणि तिथं स्टीलच्या तांब्यात, पाण्यात, ते फूल होतं. माझी ओंजळ भरून जाईल एवढं. पांढरं म्हणजे किती पांढरं असावं! आत केसरांचा गुच्छ, आणि बाहेरच्या बारीक पाकळ्या मागं वळून थरथरल्यासारख्या. थंड हवेबरोबर वासाचा असा लोट आला की नवरा दोन पावलं मागं सरला.

"तुमी येईस्तोर टिकावं म्हणून आत ठिवलं," मामा म्हणाले.

मला रडू आलं. आनंदाचं किती आणि रागाचं किती ते मला सांगता येणार नाही. "मामा, तोडलंत? झाडावर रात्रभर राहिलं असतं हो! आत्ता आम्ही पोचलो तेव्हा पूर्ण उमललेलं असतं!"

मामांना माझं म्हणणं कळेचना. "मग? पीक तयार झालं की काढावं लागतंय. रानात ठिवून वाळवायचं का? तू यायच्या आधी सुकलं आसतं तर?" त्यांचा आवाज जरा खाली आला. "तुजं झाड हाय. तुलाच दिसलं न्हाई तर काय उपेग?"

मी फ्रिजसमोर फरशीवर मांडी घालून बसले. नवरा शेजारी बसला. मामांनी गुडघ्यामुळं स्टूल आणलं. दार उघडं राहिलं की आमचा फ्रिज टूं टूं करतो. त्या आवाजावर आणि वासावर शेजारच्या काकू आल्या. त्यांनी एक नजर टाकली, काही न विचारता परत गेल्या आणि पूजेची थाळी घेऊन आल्या. त्यांनी तांब्याला हळदकुंकू वाहिलं, बाजूच्या बर्फाच्या कप्प्यालाही एक बोट लावलं, कारण देव कुठवर आणि फ्रिज कुठून ते त्यांना कळेना. डोळे मिटून काहीतरी मागितलं. मग हात जोडूनच माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "दार लाव गं आता, बिल येईल."

आम्ही दार लावलं, की जरा वेळानं कुणीतरी परत उघडायचं. मधल्या अंधारात मी मामांना विचारलं, "कसं फुललं? सांगा ना."

मामा विचारात पडले. आयुष्यात त्यांना फुलाविषयी कुणी विचारलं नव्हतं. "आधी वास आला," ते म्हणाले. "म्या उठून फाटकापशी गेलो. वाटलं, कुणी अत्तर लावून आलंय. कुणीच न्हाई. परत यिऊन बघतो तर पाकळी हालायली. वारं न्हाई, काय न्हाई. म्या म्हणलं, आत किडा हाय का. जवळ गेलो. तर आपलं आपणच उघडायलंय, बोंड फुटतंय तसं. पर बोंड फुटायला आठ दिस जात्यात, अन् हितं माझ्या डोळ्यादेखत." ते थांबले. "एकट्यानं बघायला बरं वाटंना. म्हणून फोन केले."

"काकूंना का नाही बोलावलंत?"

"काल बोलावून तोंडघशी पडलो की! आज गुमान बसलो."

काकूंनी ते ऐकलं आणि तोंड फिरवलं, पण उठून गेल्या नाहीत.

सकाळी फुलाची मान पडली होती. पुढचे कितीतरी दिवस आमच्या दुधाला, दह्याला, मळून ठेवलेल्या कणकेला ब्रह्मकमळाचा वास येत राहिला. नवरा आमटी खाताना एकदा म्हणाला, "आज देवळात जेवल्यासारखं वाटतंय," आणि ही त्याची तक्रार होती की स्तुती ते मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी झाड चांगलं माजलं. एकाच आठवड्यात बऱ्याच कळ्या धरल्या. या वेळी मी मामांना हात जोडून सांगितलं, काहीही झालं तरी कात्री लावायची नाही. ते म्हणाले, "म्या काय येडा हाव का?" आणि स्वतःच कात्री, विळी आणि खुरपं उचलून कपाटात ठेवलं. मग ते पहारेकरी झाले. झाडापासून किती अंतरावर कुणी बसायचं हे ते ठरवायचे. बॅटरी मारायची नाही. मोबाइलचा झगझगाट करायचा नाही. पाया पडायचं तर लांबूनच पडायचं. गल्लीतल्या एका गृहस्थांनी फुलाबरोबर सेल्फी घ्यायला कुंडी उचलली, तर मामांनी त्यांना शेतात शिरलेल्या परक्या बैलासारखं हाकललं.

त्या रात्री फुलं उमलली आणि आम्ही ती झाडावर पाहिली. पहिलं उघडायला लागलं तेव्हा सगळे बोलत होते. दुसऱ्याला निम्मे गप्प झाले. मग कुणीच काही बोललं नाही, काकूसुद्धा. पाकळी पाकळीपासून सुटताना दिसत होती. मामा पुढं वाकून सगळ्यांना हळू आवाजात सांगत होते, "आता ती डावीकडची बगा. ती मागं जाईल. आता आतलं सुटल." याआधी एकदा फुलताना पाहिलेले आमच्यात ते एकटेच होते.

लोक गेले. नवऱ्याला सकाळी दौऱ्यावर जायचं होतं, तो झोपायला गेला. मी आणि मामा राहिलो. वास इतका दाटला होता की घसा गोड झाल्यासारखा वाटत होता.

"तुझी सासू आसती ना," मामा मध्येच म्हणाले.

मी वाट पाहिली.

"तर ह्या टायमाला झोपली आसती. जेवलं की तिला जाग म्हणून नसायची. एकदा परभणीला सिनेमा बघाया आणली. नावाच्या पाट्या संपायच्या आत झोपली. सगळा सिनेमा माझ्या खांद्यावर झोपली." ते हसले. "मग घरी जाऊन बायकांला सगळी गोष्ट सांगितली. म्या म्हणलं, तुला कसं ठावं? म्हणाली, ऐकत होते."

मी हसले. थोड्या वेळानं मी काहीतरी विचारलं, पण उत्तर आलं नाही. पाहिलं तर मामांची हनुवटी छातीला टेकली होती आणि ते संथ घोरत होते. मी आतून चादर आणून त्यांच्या पायांवर टाकली आणि बसून राहिले.

सकाळी दूध द्यायला आलेल्या माणसाला मामा फाटकातून सांगत होते, "रातभर डोळ्याला डोळा लावला न्हाई. एक एक पाकळी बघितली." मी दुधाचं पातेलं घेऊन मागं उभी होते. दूधवाल्यानं खात्री करून घ्यायला माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, एक एक," आणि पातेलं पुढं केलं.